इंग्रजी बोलायला परमुलखी : कोरिया-जपानच्या पोरांची गोष्ट



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाचा दर, तोडणीचा क्रम आणि वाहतुकीची बिले यांवर नेहमीप्रमाणे जोरदार चर्चा झाली. सभा संपून चहा फिरू लागला तेव्हा एक वयस्क सभासद आमच्याजवळ आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पूर्ण नाव देण्याचे कारण नाही, कारण त्यांचा प्रश्न आज घरोघरचा आहे. आबा म्हणाले,

"पोरगं बी.ई. झालंय. मार्क बी चांगलं हाईत. पर मुलाखतीला गेलं की गप. विंग्रजी वाचतंय, लिवतंय, पर बोलाय त्वांड उघडत न्हाई. आता जिल्ह्याचा तो एजंट म्हंतोय, सा म्हैनं फारीनला धाडा, फाडफाड बोलाय लागंल, तकडंच नोकरी बी बघतो. धाडू का नको, तुमीच सांगा."

एजंटाने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही चहाचा कप खाली ठेवला. पोराच्या शिक्षणाचे कर्ज अजून फिटायचे आहे, आणि मळ्याच्या सातबाऱ्यावर दुसरा बोजा चढवायची आबांची तयारी दिसली. अशा वेळी 'धाडा' म्हणणेही सोपे आणि 'नको' म्हणणेही सोपे. आम्ही म्हटले, "आबा, थोडा वेळ द्या. ज्या देशांतली पोरे इंग्रजी शिकायला खरोखर परदेशी जातात ती कुठे जातात, तिथे काय करतात, त्यांच्या पदरात काय पडते, ते आधी बघू. मग अंकातूनच उत्तर देतो." बसल्या जागी जमली तेवढी माहिती जमवून हे उत्तर लिहिले आहे.

विमाने थांबतात, तोंड उघडत नाही

दक्षिण कोरियाचे मोबाईल, टीव्ही आणि मोटारी आपल्या गावात येऊन पोचल्या आहेत. या देशात १९९७ पासून तिसरीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवतात. शाळा सुटली की मुले खाजगी शिकवणीला जातात आणि रात्री उशिरा घरी येतात. बारावीच्या शेवटी, नोव्हेंबर महिन्यात, सगळ्या देशाची एकच मोठी परीक्षा असते. तिला 'सुनुंग' म्हणतात. तिच्यात इंग्रजी ऐकून उत्तरे लिहिण्याचा एक भाग आहे. तो सुरू असताना देशातल्या विमानांची उड्डाणे आणि उतरणे सुमारे अर्धा तास थांबवतात. विमानाच्या आवाजाने एखाद्या पोराचा एक शब्द चुकू नये, म्हणून!

एवढी काळजी घेणाऱ्या या परीक्षेत बोलण्याचा मात्र एकही प्रश्न नाही. ऐकायचे, वाचायचे आणि दिलेल्या पर्यायांतून बरोबर आकडा निवडायचा. त्यामुळे शाळेत, शिकवणीत आणि घरी तयारी होते ती पर्याय निवडण्याची.

पुढे नोकरीतही तोच प्रकार. जपानी उद्योगांच्या मागणीवरून अमेरिकेतल्या एका परीक्षा-संस्थेने 'टोइक' नावाची परीक्षा तयार केली आणि १९७९ साली ती जपानात पहिल्यांदा घेतली गेली. दोन तास, दोनशे प्रश्न, जास्तीत जास्त ९९० गुण. नोकरीचा अर्ज असो की बढती असो, जपान-कोरियातल्या कित्येक कंपन्या या परीक्षेचे गुण विचारतात. नोकरीसाठी जमवायच्या पात्रतांच्या यादीला कोरियातली तरुण मंडळी 'स्पेक' म्हणतात, आणि त्या यादीत टोइकचे गुण असतातच. जपानातल्या राकुतेन या मोठ्या कंपनीने तर २०१० मध्ये जाहीर केले की कंपनीच्या आतला कारभार इंग्रजीत चालेल, आणि २०१२ पासून ते पुरते अंमलात आणले. म्हणजे जपानी माणसाने जपानी माणसाशी, जपानातच, बैठकीत इंग्रजी बोलायचे.

आता गंमत बघा. टोइकच्या मूळ परीक्षेतही ऐकणे आणि वाचणे एवढेच आहे. बोलण्याची वेगळी परीक्षा २००६ मध्ये निघाली. नऊशे गुण मिळवलेला गडी परदेशी गिऱ्हाईकाचा फोन आला की शेजारच्या टेबलाकडे बघतो, अशी तक्रार होऊ लागली. कोरियन भाषेत इंग्रजी 'फ' नाही, त्यामुळे कॉफी मागायला गेलेला पोरगा 'कॉपी' मागतो. जपानी भाषेत 'र' आणि 'ल' वेगळे नाहीत. भाताला इंग्रजीत 'राइस' म्हणतात आणि 'लाइस' म्हणजे उवा, तेव्हा हॉटेलात काय घोटाळा होत असेल ते सांगायला नको. एकदा कुणी हसले की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. आपल्याकडे 'इस्कूल' म्हटल्यावर हसतात, तसेच ते.

आबांच्या पोराची आणि कोरियाच्या पोराची गाठ इथे पडते. उसात साखर आहे, वजनही चांगले आहे, पण उतारा बसत नाही.

शेजारच्या गरीब घरी

पूर्वी ही पोरे अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इकडे जात. आजही जातात. पण तिथली फी, राहणे आणि खाणे हा खर्च मोठा, आणि वर्गात दहा-पंधराजण असतात. दोन हजार सालानंतर मात्र एक नवी वाट मोठ्या प्रमाणावर रुळली. कोरियन लोकांनी जवळच्या फिलिपिन्स देशात इंग्रजीच्या शाळा काढल्या आणि आपली पोरे तिथे नेली. कोरियाच्या राजधानीतून विमानाने चार-साडेचार तासांचे अंतर. पाठोपाठ जपान, तैवान आणि व्हिएतनामचे विद्यार्थी येऊ लागले.

फिलिपिन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. कोरिया-जपानपेक्षा तो कितीतरी गरीब आहे. श्रीमंत घरचे पोर गरीब शेजाऱ्याकडे शिकायला गेले ते का, याचे उत्तर इतिहासात आहे. १५६५ पासून तिथे स्पेनचे राज्य होते. १८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि दोन कोटी डॉलर घेऊन त्याने तो मुलूख अमेरिकेच्या हवाली केला. अमेरिकेने आल्या आल्या शाळा काढल्या आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी ठरवली. १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून पाचशेहून अधिक अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. त्या जहाजावरून त्यांना आजही 'थॉमसाइट' म्हणतात. १९४६ साली देश स्वतंत्र झाला, पण इंग्रजी राहिली. १९८७ च्या राज्यघटनेने फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा ठरवल्या. आपल्याकडची काही मुले डॉक्टरकीला फिलिपिन्समध्ये जातात, त्याचेही एक कारण तिथे शिक्षण इंग्रजीतून मिळते हेच.

तरीही इंग्रजी ही तिथल्या माणसाची आईची भाषा नव्हे. घरी बेटाची बोली, शाळेत फिलिपिनो आणि तिसरी इंग्रजी, असा प्रकार. आपल्याकडच्या मराठी-हिंदी-इंग्रजीसारखेच म्हणा ना. त्यामुळे तिथल्या शिक्षकाने इंग्रजी स्वतः शिकून घेतलेली असते. जीभ कुठे अडखळते हे त्याला ठाऊक असते.

शाळेचा दिवस

उत्तरेकडच्या डोंगरात बागिओ नावाचे थंड हवेचे शहर आहे. उंची सुमारे दीड हजार मीटर. अमेरिकन अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यात राहायला म्हणून ते वसवले. आपले पाचगणी समजा. तिथल्या कडक शाळांना 'स्पार्टा' पद्धतीच्या शाळा म्हणतात. स्पार्टा हे जुन्या ग्रीस देशातले लष्करी शिस्तीचे गाव, त्यावरून हे नाव पडले.

विद्यार्थी शाळेतच राहतो आणि तिथेच जेवतो. सकाळी लवकर उठून शब्दांची परीक्षा. आठाच्या सुमारास तास सुरू होतात ते संध्याकाळी पाचपर्यंत. रात्री पुन्हा अभ्यास. सोमवार ते शुक्रवार फाटकाबाहेर जायला बंदी. काही शाळांत आपल्या भाषेत बोलताना कोणी सापडला तर दंड. राहणे, जेवण आणि शिकवणे धरून महिन्याला साधारण हजार ते दोन हजार अमेरिकी डॉलर पडतात. सेबू बेटावरच्या शाळा याहून सैल. तिथे समुद्र आहे, संध्याकाळी बाहेर जायला मिळते.

पण या शाळांचे खरे वैशिष्ट्य कडक शिस्तीत नाही, ते खोल्यांत आहे. एका लांब दालनात लाकडी आडोसे घालून ओळीने छोट्या खोल्या केलेल्या असतात, आपल्या जुन्या एस.टी.डी. बूथपेक्षा थोड्या मोठ्या. आत एक टेबल आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर शिक्षक, दुसऱ्या खुर्चीवर एकच विद्यार्थी. पन्नास मिनिटे. घंटा झाली की विद्यार्थी उठून पुढच्या खोलीत, पुढच्या शिक्षकासमोर. दिवसाला असे चार-सहा तास, आणि जोडीला दोन-तीन तास चार-पाचजणांच्या गटात.

तिथे मागचा बाक नाही. मान खाली घालून तास काढता येत नाही. 'काल काय जेवलास?' असे विचारले तर काहीतरी बोलावेच लागते. चुकले तर समोरचा दुरुस्त करतो आणि पुन्हा म्हणायला लावतो. हसत मात्र नाही. हसू ऐकणारे तिसरे कोणी तिथे नसतेही.

हिशेब मांडून बघू

आपण सभासद मंडळी टनेज आणि उताऱ्याचा हिशेब लावणारी, तेव्हा हाही लावू.

आपल्याकडे वर्गात साठ मुले आणि ३५ मिनिटांचा इंग्रजीचा तास धरा. गुरुजी गप्प बसले आणि प्रत्येक मुलाला सारखी वेळ मिळाली, तरी एकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. वर्षाला २२० दिवस शाळा धरली तर सव्वादोन तासही होत नाहीत. दहा वर्षांत साधारण २१ तास. तेही गुरुजी एक शब्द बोलले नाहीत तर!

त्या बूथमध्ये पन्नास मिनिटांतली निम्मी वेळ विद्यार्थ्याची, म्हणजे २५ मिनिटे. दिवसाला असे सहा तास धरले तर अडीच तास तोंड चालते. आपल्या पोराने दहा वर्षांत जेवढे तोंड उघडले नाही तेवढे तिथे नऊ दिवसांत उघडले जाते.

आणखी एक हिशेब. केंब्रिजच्या परीक्षा-मंडळाचा ढोबळ अंदाज असा, की अगदी पहिल्यापासून सुरुवात करून रोजच्या व्यवहारापुरती भाषा यायला शिक्षकाच्या हाताखाली ३५० ते ४०० तास लागतात, आणि कामाच्या ठिकाणी बऱ्यापैकी वावरायला ५०० ते ६००. दिवसाला पन्नास मिनिटांचे आठ तास, आठवड्याला पाच दिवस, असे बारा आठवडे केले की बरोबर ४०० तास भरतात. तीन महिन्यांत फरक पडतो असे तिथे जाऊन आलेली मंडळी म्हणतात, त्यात जादू काही नाही. तासांची भरती झालेली असते.

बाकोलोद : साखरेचे गाव

बागिओ आणि सेबू याखेरीज ही शाळा चालणारे तिसरे एक शहर आहे, आणि त्याचे नाव आपल्या सभासदांनी आवर्जून ऐकावे. ते म्हणजे नेग्रोस बेटावरचे बाकोलोद. या बेटाचा पश्चिम भाग हा फिलिपिन्सचा उसाचा पट्टा. देशातली निम्म्याहून अधिक साखर याच बेटावर होते. मात्र तिथे आपल्यासारखा सहकार रुजला नाही. मोठमोठे जमीनदार, त्यांचे शेकडो एकरांचे मळे, आणि शेजारच्या बेटावरून मुकादमामार्फत आणलेले तोडणी मजूर. गळीत संपले की पुढच्या हंगामापर्यंतच्या बेकारीच्या दिवसांना तिथे स्पॅनिश भाषेत 'मेलेला काळ' असा शब्द आहे. आपल्याकडच्या तोडकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर जगात साखरेचा भाव कोसळला. साखरेचा व्यापार तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतल्या लोकांच्या मुठीत होता, त्याने भर घातली. मळे ओस पडले, मजुरांच्या घरची चूल थंड झाली आणि १९८५ च्या सुमारास नेग्रोसच्या भुकेल्या मुलांची छायाचित्रे जगभर छापून आली. एकाच पिकावर सगळा जिल्हा उभा असला की काय होते, याचा तो धडा होता.

ऊस आजही आहे. पण बाकोलोद शहराने पुढे दुसरेही काही धरले. परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणारी कॉल सेंटरे आली, आणि जपानी व कोरियन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीच्या शाळाही निघाल्या. या शाळांतून शिकवणारी बहुतेक मुले-मुली आसपासच्याच विद्यापीठांतून पदवी घेतलेली असतात. इंग्लंड-अमेरिकेचे तोंडही न पाहिलेली कित्येक.

आबा, ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. शिकणारा समुद्र ओलांडून आला आहे, पण शिकवणारा आपल्या उसाच्या मुलखातच इंग्रजी शिकला आहे. लहानपणापासून वर्गात, बाजारात, टीव्हीपुढे आणि नोकरीत ती वापरत आला म्हणून त्याला ती आली.

त्या शिक्षकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विद्यार्थी जी फी भरतो तिच्यातला थोडाच भाग त्याच्या हातात पडतो. रात्रपाळीच्या कॉल सेंटरात जास्त पगार मिळतो म्हणून कित्येकजण तिकडे वळतात, कित्येकजण नोकरीसाठी देश सोडतात. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी झाली तेव्हा या शाळा एकाएकी बंद पडल्या आणि शिक्षक घरी बसले. काहींनी घरूनच संगणकावर जपानी-कोरियन विद्यार्थ्यांना शिकवून दिवस काढले. तशी शिकवणी दोन हजारच्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाली होती, ती तेव्हा उपयोगी पडली. २०२२ मध्ये शाळा पुन्हा उघडू लागल्या, पण सगळ्या उघडल्या नाहीत.

तिथून पुढे काय?

या शाळांतून बाहेर पडणाऱ्यांत ढोबळ मानाने दोन प्रकार दिसतात. पहिला प्रकार कंपनीवाल्यांचा. पदवी झाली आहे, मुलाखत तोंडावर आहे किंवा बढती अडली आहे. दोन-तीन महिने राहून येतात, तोंड मोकळे होते, मुलाखतीत आपले काम इंग्रजीत सांगता येते. कामापुरते जमले की झाले.

दुसरा प्रकार पुढे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांचा. तरुणांनी वर्षभर हिंडायचे आणि खर्चापुरते कामही करायचे, असा एक परवाना ऑस्ट्रेलिया देते. जपानशी तसा करार १९८० मध्ये झाला, कोरियाशी १९९५ मध्ये. विलायती पगार मिळतो म्हणून पोरे जातात. पण इंग्रजीशिवाय गेले की काय होते? हॉटेलात, दुकानात काम मिळत नाही. मग आपल्याच देशाचा एखादा ठेकेदार गाठायचा, तो शेतावर भाजी-फळे तोडायला नेतो, राहायच्या खोलीचे भाडेही तोच कापतो. म्हणजे पुन्हा मुकादमच! ऑस्ट्रेलियात मजुरीच्या कायद्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने २०१६ मध्ये या परवान्यावर आलेल्या तरुणांची चौकशी करून अहवाल काढला. कमी मजुरी देणे, मजुरी बुडवणे असे प्रकार त्यात उघड झाले, आणि भाषा नीट न येणे हे अशा पिळवणुकीचे एक कारण असल्याचे त्यात आले.

म्हणून काहीजण आधी तीन महिने फिलिपिन्समध्ये इंग्रजी बोलायला शिकतात आणि मग ऑस्ट्रेलियाला जातात. आपली मजुरी किती आणि ती का कापली, हे विचारता यावे एवढी तरी भाषा जवळ असावी, हा त्यातला शहाणपणा आहे.

जे जमत नाही

आता दुसरी बाजू. परदेशी पाऊल ठेवले की भाषा आपोआप येते, हा भ्रम आहे. तास संपला की आपल्याच देशाच्या पोरांत जाऊन बसायचे, आपलेच जेवण शोधायचे, आपल्याच भाषेत गप्पा मारायच्या, असे करणारे लंडनमध्ये राहूनही कोरेच परत येतात. बोलण्याचा सराव भरपूर होतो, पण कायद्याचा करार वाचणे किंवा घासाघीस करून सौदा ठरवणे तीन महिन्यांत येत नाही. घरी परतल्यावर वापर थांबला तर वापरात नसलेल्या अवजारासारखा जिभेवर गंज चढतो. आणि ज्याला कशासाठी शिकायचे हेच ठरवता आले नाही, त्याला कितीही तास भरले तरी मुलाखतीत काय बोलायचे ते सुचत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. कोरियाच्या त्या पोराने शाळेत घोकलेले हजारो शब्द आणि व्याकरण वाया गेलेले नसते. तेच भांडवल घेऊन तो बूथमध्ये बसतो, म्हणून तीन महिन्यांत बोलू लागतो. आबांच्या पोराजवळही ते भांडवल आहे. अभियांत्रिकीची चार वर्षांची पुस्तके त्याने इंग्रजीतच वाचली आहेत.

आबांना उत्तर

आबा, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मळ्यावर बोजा चढवून लगेच धाडू नका, असे आमचे मत आहे. धाडायचेच ठरले तर एजंटाला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एक : दिवसाला किती तास शिक्षक आणि पोरगा समोरासमोर एकटे बसणार? आकडा सांगता येत नसेल तर तिथून उठा.

दोन : ज्या परवान्यावर पोरगा जाणार त्या परवान्यावर नोकरी करता येते काय? फिलिपिन्समध्ये भाषा शिकायला जो खास परवाना देतात, त्यावर नोकरी करता येत नाही. प्रत्येक देशाचा नियम निराळा असतो. 'शिकता शिकता तिकडेच नोकरी' असे तोंडी सांगणाऱ्याकडून नियमाचा कागद मागा.

तीन : व्हिसा नाकारला गेला किंवा शाळाच बंद पडली तर किती पैसे परत, किती दिवसांत, आणि कोण देणार? पावती कोणाच्या नावाची?

आणि त्याआधी एक वर्ष घरी हा प्रयोग करा. पोराच्या जोडीचा दुसरा एक पोरगा धरा. तो आपल्या गावात असेलच, कारण हे दुखणे एकट्याचे नाही. रोज एक तास दोघांनी समोरासमोर बसायचे. अर्धा तास एकाने बोलायचे, अर्धा तास दुसऱ्याने. वर्षात तीनशे दिवस धरले तर प्रत्येकाचे दीडशे तास तोंड चालते. मघाचा हिशेब आठवा. बूथमधले रोजचे अडीच तास धरले तर हे साठ दिवसांचे, म्हणजे बारा आठवड्यांचे बोलणे झाले. चुका दुरुस्त करणारा शिक्षक मात्र इथे नाही, हे खरे. त्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा जाणकार माणसासमोर बसावे. फिलिपिन्सचा तोच शिक्षक आता संगणकावर तासाच्या हिशेबानेही मिळतो. परदेशवारीच्या खर्चाच्या मानाने ती रक्कम किरकोळ आहे.

बोलायचे काय, असा प्रश्न पडेल. तर आपला कारखाना आहे की! मिल, बॉयलर, टर्बाइन, क्लॅरिफायर, पॅन, सेंट्रिफ्यूगल, रिकव्हरी, शिफ्ट हे शब्द आपल्या कामगारांच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या आहेत. अभियंता झालेल्या पोराने वजनकाट्यावर गाडी आली तिथून पोते भरेपर्यंत काय काय होते, ते रोज थोडे थोडे इंग्रजीत सांगावे. मुलाखतीला बसलेला साहेब दुसरे काय विचारतो? 'तुला काय येते ते सांग' एवढेच.

हा मजकूर छापायला देण्याआधी आम्ही आबांना वाचून दाखवला. सोबत त्यांचा मुलगाही होता, दाराशी उभा. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी आधी त्वांड हितंच उघडायचं, मग लागंल तर जायचं. पटलं. पर एक सांगा, हितं त्यो चुकीचं बोलाय लागला की पारावरची मंडळी हसत्यात. परवा चुलता बी हसला. त्याचं काय करायचं?"

आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. खरे तर कोरिया-जपानची पोरे एवढे पैसे मोजून त्या छोट्या खोलीत जातात, ती बऱ्याच अंशी न हसणारा श्रोता मिळावा म्हणूनच. तो आपल्याला गावातच फुकट देता येण्यासारखा आहे. मंडळी, शेतकऱ्याचा पोर अडखळत इंग्रजी बोलू लागला तर हसू नका. त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा. या कामाला शेअर भांडवल लागत नाही आणि ठरावही लागत नाही.

आबांच्या मुलाने जोडीदार मिळाल्यास रोज संध्याकाळी बसायची तयारी दाखवली आहे. त्याच्याबरोबर बसू इच्छिणाऱ्या सभासदांच्या मुला-मुलींनी गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आपापल्या गट ऑफिसात नावे द्यावीत. जागेची सोय करण्याची विनंती आम्ही संचालक मंडळाला करणार आहोत.